नसलेल्या पित्ताशयाचा इतिहास

मराठी बोलण्यात पित्ताइतका फिरणारा शरीरातला दुसरा पदार्थ नसेल. कोणाचे पित्त खवळते, कोणाच्या अंगावर पित्त उठते, डोके दुखले की "पित्त झालंय, जरा पडते" असे घरोघरी ऐकू येते. त्यावर आमसुलाचे सार, मोरावळा, आलेपाक असे उपायही ठरलेले. पण हे पित्त ज्या पिशवीत साठते, त्या पित्ताशयाची आठवण आपल्याला त्यात खडे झाल्याशिवाय होत नाही. आणि ती पिशवी मुळातच नसली तर? जन्मापासूनच पित्ताशय नसलेली माणसे असतात. त्यांतली बरीचशी पूर्ण आयुष्य जगून जातात आणि त्यांना, त्यांच्या घरच्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना याचा पत्ताही लागत नाही.

आधी एक खुलासा. मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या नावामागे 'डॉ.' लागले की कोणीतरी आपला रक्तदाबाचा कागद माझ्यापुढे धरतो. मी इतिहासाचा डॉक्टर आहे. तीस वर्षांहून अधिक काळ विज्ञानाचा इतिहास शिकवला. सुरी कधी हातात धरली नाही. पण 'जे नाही ते कसे दिसते' हा प्रश्न इतिहासाच्या माणसालाही रोज पडतो. दप्तरात एखादा कागद नसला तर तो कधी लिहिलाच गेला नव्हता, की लिहून हरवला, की आपण चुकीच्या रुमालात शोधतो आहोत? पित्ताशयाच्या बाबतीत शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या सर्जनपुढे नेमका हाच प्रश्न येतो. फरक एवढाच, की दप्तर त्याच्यासमोर श्वास घेत असते.

या पिशवीकडे माणसाने पहिल्यांदा लक्ष दिले ते औषधासाठी नव्हे, भविष्यासाठी. बाबिलोनियात राजाने लढाईला निघण्यापूर्वी मेंढी बळी देत आणि तिचे यकृत बाहेर काढून पुजारी ते वाचत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मातीत घडवलेले मेंढीच्या यकृताचे एक नमुनारूप आहे, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यावर चौकटी आखल्या आहेत, भोके पाडली आहेत आणि प्रत्येक चौकटीत बाणाच्या टोकासारख्या लिपीत त्या त्या जागी खूण दिसली तर काय घडेल ते लिहिले आहे. त्यात पित्ताशयाचा उंचवटा अगदी स्पष्ट दिसतो. त्याला ते लोक 'मार्तू' म्हणत, म्हणजे 'कडू'. लंडनला राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मंडळींनी कोहिनूर पाहायला रांग लावण्याआधी ही मातीची वस्तू पाहावी, असा माझा आगंतुक सल्ला आहे.

ग्रीकांनीही हा प्रकार चालू ठेवला, पण त्यांच्यात ॲरिस्टॉटल जन्मला आणि त्याने यकृताकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्याची एक नोंद मला फार आवडते. युबिआ बेटावर खाल्किसच्या भागात मेंढ्यांना पित्ताशय नसते, असे तो सांगतो. उलट नाक्सोस बेटावर जनावरांचे पित्ताशय इतके मोठे असते, की बाहेरगावचे लोक तिथे बळी देताना ते पाहून घाबरतात. त्यांना वाटते, हा आपल्यासाठी अपशकुन आहे. ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे, की ही त्या पाहुण्यांच्या नशिबाची खूण नाही, तिथल्या जनावरांचा तो स्वभावच आहे. म्हणजे एका ठिकाणी शकुन संपतो आणि शरीरशास्त्र सुरू होते, ते इथे.

घोडा, गाढव, खेचर, हरीण, उंट, डॉल्फिन या प्राण्यांना पित्ताशय नसते, हे त्याला माहीत होते. आणखी पुढे जाऊन त्याने लिहिले, की काही जातींत काहींना ते असते आणि काहींना नसते, आणि माणूसही या जातींतलाच आहे. माणसाच्या नसलेल्या पित्ताशयाची मला ठाऊक असलेली ही सर्वांत जुनी नोंद. त्याने ते प्रत्यक्ष पाहिले होते की ऐकले होते, ते त्या वाक्यावरून सांगता येत नाही. त्याच्या आधीच्या काही जाणत्यांचे म्हणणे होते, की ज्यांना पित्त नसते ते जास्त जगतात. पुरावा म्हणून ते हरणाकडे आणि एकखुरी प्राण्यांकडे बोट दाखवत. आपल्याकडे शांत माणसाला "याला रागच येत नाही" म्हणतात, तसेच हे. प्लूटार्कने तर एक लग्नाची चाल सांगितली आहे: विवाहाची देवता म्हणून हेरापुढे बळी देताना पशूचे पित्त वेगळे काढून वेदीपाशी टाकून देत, संसारात राग आणि कडवटपणा नको म्हणून. आपल्या सप्तपदीत असे कलम नाही, याची खंत करणारे नवराबायको माझ्या परिचयाचे आहेत.

या समजुतीत एक गोंधळ होता, आणि तो दोन हजार वर्षे टिकला. पित्त नसणे आणि पित्ताशय नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पित्त तयार होते यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही केवळ साठवणीची, तीस ते पन्नास मिलिलिटरची पिशवी. ती पित्तातले पाणी शोषून त्याला दाट करते आणि तुपकट जेवण पोटात गेले की आकसून ते आतड्यात सोडते. घोडा दिवसभर चरतो, त्याला साठवणीची गरज नाही. पित्त थेंबथेंब वाहत राहते. इंग्लंडमध्ये १६४६ साली डॉ. टॉमस ब्राउन यांनी लोकांतल्या खोट्या समजुतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात 'घोड्याला पित्त नसते' आणि 'पारव्याला पित्त नसते' या समजुतींना एकेक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पिशवी नाही म्हणून पित्त नाही असे होत नाही, हा त्यांचा मुद्दा. आपण म्हणतो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे उलटे आहे. आडात पाणी भरपूर, पोहराच नाही.

आता आपल्याकडे काय होते, हे विचारले जाणारच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सात आशय सांगितले आहेत आणि त्यांत पित्ताशय हा शब्द आहे. शेजारी वाताशय, श्लेष्माशय, रक्ताशय, आमाशय, पक्वाशय, मूत्राशय असे बाकीचे सहा, आणि स्त्रियांमध्ये आठवा गर्भाशय. पण या यादीतले पित्ताशय म्हणजे यकृताखालची ती हिरवट पिशवीच, असे छातीठोकपणे म्हणू नये. आशय म्हणजे त्या त्या गोष्टीचे राहण्याचे ठिकाण. वाताशय नावाची पिशवी कोणी कापून दाखवू शकत नाही. पुढे इंग्रजी वैद्यकाची पुस्तके देशी भाषांत आली तेव्हा जुना शब्द नव्या अवयवाला दिला गेला, आणि आज आपण मागे वळून सुश्रुताला आपला अर्थ चिकटवतो. त्याच ग्रंथात शवविच्छेदनाची रीत दिली आहे: प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचे आणि सात रात्रींनी बाहेर काढून कुंचल्याने हळूहळू घासत थरामागून थर पाहायचे. त्वचा, स्नायू, हाडे पाहण्याला ही रीत उत्तम. पातळ भिंतीच्या, पित्ताने भरलेल्या पिशवीचे सात दिवसांत पाण्यात काय उरत असेल, याचा मात्र मी माझ्यापुरता तर्क करतो. सुश्रुताचा मोठेपणा सिद्ध करायला ही पिशवी लागत नाही. त्याला नाकाची शस्त्रक्रिया पुरेशी आहे.

माणसात पित्ताशय जन्मतः नसल्याचे पहिले वैद्यकीय वर्णन फ्रान्समध्ये लेमरीने १७०१ साली केले असे मानले जाते, आणि पुढच्याच वर्षी बर्गमनचे आले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे अशा नोंदी मृत्यूनंतर, विच्छेदनाच्या टेबलावर झाल्या. जिवंत माणसाचे पोट उघडण्याचे धाडसच नव्हते, मग आत काय नाही हे कळणार कसे? दरम्यान प्राणिशास्त्रज्ञांना मजेदार गोष्टी दिसत होत्या. रिचर्ड ओवेन यांनी १८३० च्या दशकात लंडनमध्ये जिराफांचे विच्छेदन केले. एकाला पित्ताशय होते, इतरांना नव्हते. उंदराला असते आणि घुशीच्या जातभाईला, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटला, नसते. निसर्गाने हा अवयव कितीदा तरी टाकून दिला आहे.

हे कसे घडते, तेही थोडक्यात सांगतो. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात आतड्याच्या नळीला एक कोंब फुटतो. त्याचा मोठा, वरचा भाग यकृत होतो आणि छोटा, खालचा भाग पित्ताशय आणि त्याची देठासारखी नळी. खालचा कोंब फुटलाच नाही, किंवा फुटून वाढला नाही, तर पिशवी आणि देठ दोन्ही नसतात. यकृतापासून आतड्यापर्यंतची मुख्य पित्तनलिका मात्र शाबूत असते. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. एक कारण मात्र दुर्दैवाने फार स्पष्टपणे सापडले. १९५७ ते १९६१ या काळात गरोदर बायकांना मळमळीसाठी थॅलिडोमाइडच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि हातपाय खुंटलेली हजारो मुले जन्मली. त्यांतल्या काहींना पित्ताशयही नव्हते. बाहेरचे व्यंग सगळ्या जगाने पाहिले. आतली ही उणीव विच्छेदनात कळली.

पोट उघडण्याचे धाडस पहिल्यांदा झाले ते अमेरिकेत. १५ जून १८६७ रोजी इंडियानापोलिसमध्ये, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, डॉ. जॉन बॉब्स यांनी एका तिशीतल्या बाईच्या पोटातली गाठ पाहायला पोट उघडले. त्यांना ती बीजाशयाची गाठ वाटत होती. निघाले खड्यांनी भरलेले पित्ताशय. त्यांनी चीर देऊन खडे काढले आणि पिशवी पुन्हा शिवली. बाई बरी झाली आणि पुढे बरीच वर्षे जगली. पिशवीच काढून टाकण्याची कल्पना मात्र बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखची. त्याचे म्हणणे साधे होते: नुसते खडे काढून काय उपयोग, खडे पाडणारा कारखाना तसाच राहतो. लोक म्हणाले, अवयव काढला तर माणूस जगेल कसा? इथे आपला विषय परत येतो. सतराव्या शतकात कुत्र्यांची पित्ताशये काढूनही ते जगल्याचे प्रयोग झाले होते. आणि हत्ती, घोडा यांच्यासारखे धडधाकट प्राणी या पिशवीशिवाय आयुष्य काढतातच की. १५ जुलै १८८२ रोजी त्याने सोळा वर्षे पोटदुखीने हैराण झालेल्या, मॉर्फिनवर दिवस काढणाऱ्या ४३ वर्षांच्या गृहस्थाचे पित्ताशय काढले. तो रुग्ण काही आठवड्यांनी चालत घरी गेला. आज जगात रोज हजारोंनी होणारी शस्त्रक्रिया ती हीच. नसलेल्या अवयवाने असलेला अवयव काढायचे धैर्य दिले.

आणि मग साहजिकच ती वेळ आली. काढायला गेले आणि तिथे काही नव्हते.

हे वारंवार का घडले, याची हकिकत तपासण्यांच्या इतिहासात आहे. १९२४ मध्ये सेंट लुइसच्या ग्रॅहम आणि कोल या डॉक्टरांनी पित्ताशय क्ष-किरणांत दाखवणारे रसायन शोधले. पुढे त्याच्या गोळ्या आल्या. रात्री गोळ्या घ्यायच्या, सकाळी उपाशीपोटी फोटो. पित्ताशय निरोगी असेल तर ते रसायन साठून पांढरे दिसे. दिसले नाही तर? तर डॉक्टर लिहीत, 'पित्ताशय काम करत नाही', म्हणजे रोगट आहे, म्हणजे काढा. शंभरातल्या नव्याण्णवांना हे अनुमान लागूही पडे. पण ज्याला पित्ताशयच नाही त्याचाही फोटो अगदी असाच कोरा येई. न दिसण्याचा अर्थ 'बिघडले आहे' असाच घ्यायचा, हा त्या काळचा नियम होता. सत्तरच्या दशकानंतर सोनोग्राफी आली. आता तरी चुकायला नको होते. पण खड्यांनी जीर्ण झालेले पित्ताशय आक्रसून सुकलेल्या खारकेसारखे होते, आणि ज्याचे नाही त्याच्या त्या खोबणीत आतड्यातल्या वायूची किंवा तंतुमय घडीची सावली पडते. दोन्ही चित्रे जवळजवळ सारखी. पहिला प्रकार नेहमीचा, दुसरा लाखात दहा ते पासष्ट जणांत. वाचणारा आपला नेहमीचाच शब्द लिहितो: 'आक्रसलेले पित्ताशय'. त्याला दोष देववत नाही. आपण सगळेच ओळखीची गोष्ट आधी पाहतो.

बेनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तोवरच्या सर्व नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा ढोबळ चित्र असे दिसले: निम्म्या लोकांना त्रास होता, सुमारे एक तृतीयांशांना काहीच नव्हता, आणि उरलेल्यांत इतरही जन्मजात व्यंगे होती. त्रास अगदी पित्तखड्यांसारखाच: उजव्या बरगडीखाली दुखणे, मळमळ, तळलेले न पचणे, कधी कावीळ. पिशवीच नाही तर दुखते काय? एक उत्तर असे, की पित्तनलिका साठवणीचे काम अंगावर घेऊन फुगते, तिच्यातच खडे धरतात. दुसरे असे, की नलिकेच्या तोंडाशी असलेली झडप नीट उघडत नाही. या झडपेला 'ओडी' म्हणतात, आणि रुजेरो ओडीने तिच्यावर १८८७ मध्ये लिहिले तेव्हा तो इटलीत वैद्यकाचा विद्यार्थीच होता, हे आपल्या नातवंडांना सांगण्यासारखे आहे.

सर्जनला धोका कुठे आहे, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. पित्ताशय काढताना सर्जन आधी ती पिशवी पकडतो, वर ओढतो, आणि त्या ताणावरून तिचा देठ आणि मुख्य नलिका वेगळ्या ओळखतो. पिशवी ही त्याची वाटाड्या. ती नसली तर हाताला लागते ती थेट मुख्य पित्तनलिका, आणि शोधण्याच्या आग्रहात तीच देठ समजून कापली जाऊ शकते. शेजारीच यकृताची धमनी आणि मोठी नीला. नलिका कापली गेली तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पित्ताशय असलेल्या माणसाचे आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांची एप्रिल १९५३ मध्ये लंडनमध्ये खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली आणि पित्तनलिकेला इजा झाली. पुन्हा पोट उघडावे लागले. अखेर जूनमध्ये त्यांना अटलांटिक ओलांडून बॉस्टनला आणले आणि लाही क्लिनिकच्या डॉ. रिचर्ड कॅटेल यांनी ती नलिका सांधली. जीव वाचला, पण तापाचे झटके गेले नाहीत. १९५६ मध्ये पंतप्रधान या नात्याने ते सुएझच्या पेचात अडकले, तेव्हाही त्यांना असा ताप आला होता. जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी राजीनामा दिला. सुएझचा निर्णय त्या नलिकेने घेतला असे मी म्हणणार नाही. साम्राज्ये एवढ्या बारीक नळीवर टांगलेली नसतात. पण काही मिलिमीटर रुंदीच्या त्या नळीला सर्जन का भितात, हे मात्र यावरून कळते.

म्हणून जुन्या काळी, पोट मोठे उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियेत, पित्ताशय सापडले नाही तर शोध घेण्याचे शिस्तीचे नियम केले गेले. फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ते मांडले: यकृताच्या आत दडले आहे का पाहा, डावीकडे पाहा, यकृतामागे, पोटाच्या पडद्यात, पाठीकडच्या भागात पाहा, आणि नलिकेत रंगद्रव्य सोडून टेबलावरच फोटो काढा. ती फोटोची युक्ती अर्जेंटिनातल्या कॉर्दोबाच्या पाब्लो मिरित्सी यांनी तीसच्या दशकारंभी आणली होती. एवढे करूनही मिळाले नाही, तरच 'नाही' असे लिहा.

मग दुर्बीण आली. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना वेड्यात काढले. मान्यता मिळायला सात वर्षे लागली. भारतात हे काम पहिल्यांदा केले ते डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. महागडी यंत्रे श्रीमंतांच्या रुग्णालयात आधी येतात आणि सरकारी रुग्णालयात शेवटी, हा नियम तिथे उलटा झाला. पण दुर्बिणीत हाताचा स्पर्श नाही; बोटांनी चाचपून पाहता येत नाही. त्यामुळे जुना 'खोदून पाहा' हा नियम आता बदलला आहे. आजचा शहाणा सल्ला असा: दिसत नाही, खुणा जुळत नाहीत, तर थांबा. पोट मोठे उघडू नका. जमल्यास टेबलावरच सोनोग्राफी किंवा रंगद्रव्याचा फोटो, नाहीतर सरळ टाके घालून बाहेर या आणि नंतर एमआरसीपी करा. चुंबकीय तपासणीचा हा प्रकार १९९१ पासूनचा. पित्ताच्या सगळ्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या दाखवतो, आणि त्याला न गोळी लागते न सुरी. सर्जनच्या शिक्षणात कापायला शिकणे सोपे. हात मागे घेण्याला उमेदीची वर्षे जातात, असे माझे एक सर्जन मित्र म्हणतात.

या विषयाकडे मी वळलो ते माझ्या पत्नीच्या मावशींमुळे. त्यांच्या परवानगीने लिहितो. ऐंशीच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावी त्यांचे पोट दुखू लागले. गोळ्यांचा फोटो कोरा आला, पोट उघडले, पित्ताशय नव्हते. सर्जनांनी सगळीकडे पाहिले, नलिकेला धक्का न लावता पोट बंद केले आणि काकांना तसे सांगितले. काकांनी घरी येऊन सांगितले, "पित्ताशयाचं ऑपरेशन झालं." घराण्याच्या तोंडी ते 'पित्ताशय काढलं' असे झाले. मावशींचे दुखणे बऱ्याच अंशी थांबले. असे पुष्कळांच्या बाबतीत होते, आणि का होते यावर एकमत नाही. पंचवीस वर्षांनी त्या इकडे मुलीकडे आल्या आणि एका रात्री तीच कळ उठली. सोनोग्राफीचा कागद म्हणे, आक्रसलेले पित्ताशय, बहुधा खडे. मावशी म्हणत होत्या, "अगं, ते तर काढलंय माझं." तरुण डॉक्टर कागदावर विश्वास ठेवणार की सत्तरीतल्या पाहुणीवर? मागच्या वेळी अर्धवट काढले असेल, उरलेले काढू, असे ठरत आले. पाहुण्यांच्या विम्यात हे बसते का, याचीही फोनाफोनी सुरू झाली. इथल्या प्रत्येक घराला तो प्रकार ठाऊक आहे.

मुलीने गावी मामेभावाला फोन केला. गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली, दुकानाच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर ते जुने डिस्चार्ज कार्ड निघाले. फोटो काढून पाठवला. शाई फिकट झाली होती, पण इंग्रजीतली ती ओळ वाचता येत होती: पित्ताशय आढळले नाही, नेहमीच्या सर्व जागा तपासल्या. शस्त्रक्रिया थांबली. एमआरसीपी झाली. पित्ताशय नव्हतेच, पित्तनलिकेत एक खडा होता, तो तोंडातून नळी घालून काढला. त्या तालुक्याच्या सर्जनने दमल्या हाताने लिहिलेल्या अर्ध्या ओळीने एका म्हाताऱ्या बाईची नलिका वाचवली, असे मी मानतो. अस्सल साधन म्हणजे काय, हे वर्गात शिकवायला मला त्याहून चांगला कागद मिळाला नसता.

मावशींच्या आताच्या फायलीत पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिले आहे: 'पित्ताशय जन्मतः नाही, काढलेले नाही.' दोन वाक्यांत फार अंतर आहे. मराठीतही आहे आणि इंग्रजीतही. मुलीने दोन्ही भाषांत लिहून एक प्रत पर्समध्ये, एक भावाकडे ठेवली आहे.

काही घराण्यांत ही गोष्ट पिढ्यांमधून उतरल्याच्या नोंदी आहेत, हे कळल्यावर मुलीने स्वतःचीही सोनोग्राफी करून घेतली. तिला पित्ताशय आहे. त्यात दोन खडेही आहेत.